मदत हवी आहे : ‘काइजिन’ या जपानी शब्दाला मराठीत काय म्हणावे?

नमस्कार मंडळी,

पुण्यातील आमच्या जपानी भाषेच्या छोट्या अभ्यासगटासाठी मी ‘कामेन रायडर ब्लॅक सन’ या मालिकेतील निवडक संवादांचे मराठी भाषांतर करीत आहे. काम फार मोठे नाही. परंतु तीन आठवड्यांपासून मी एकाच शब्दापाशी अडले आहे. भाषांतराचा अनुभव असणाऱ्यांनी, तसेच जपानीच्या जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. (पुढे कथानकातील रहस्यभेद आहे. ज्यांना मालिका पाहायची असेल, त्यांनी येथेच थांबावे.)

ज्यांना मालिका ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 1987-88 मध्ये जपानी दूरचित्रवाणीवर मुलांसाठी जी ‘कामेन रायडर ब्लॅक’ मालिका लागत असे, तिचीच ही प्रौढांसाठी केलेली नवी मांडणी आहे. दिग्दर्शक काझुया शिराइशी असून दहाही भाग 28 ऑक्टोबर 2022 रोजी प्राइम व्हिडिओवर आले. जुन्या मालिकेत नायक विरुद्ध दुष्टांची गुप्त संघटना असा सरळ सामना होता. नव्या मालिकेत मात्र पशू, पक्षी व कीटकांची रूपे धारण करू शकणारे ‘काइजिन’ माणसांच्याच वस्तीत राहतात, काम करतात, भाडे भरतात, आणि त्यांना हाकलून द्या म्हणून रस्त्यांवर मोर्चे निघतात. हिदेतोशी निशिजिमा यांनी साकारलेला नायक कोतारो मिनामी हा स्वतःच काइजिन आहे. खंगलेला, थकलेला, कोणत्याही लढ्यावरचा विश्वास उडालेला. कथा 1972 आणि 2022 या दोन काळांत सतत ये-जा करते. 1972 मध्ये काइजिनांच्या हक्कांसाठी झटणारे तरुण पुढे आपापसांत फुटतात, आणि ज्या झेंड्याखाली ते लढले त्याच नावाचा पक्ष पन्नास वर्षांनंतर सत्ताधाऱ्यांच्या पंक्तीला बसलेला दिसतो. 1972 च्याच मार्चमध्ये जपानमध्ये ‘संयुक्त लाल सेना’ या अतिडाव्या सशस्त्र गटाच्या तरुणांनी स्वतःच्याच बारा साथीदारांचा छळ करून जीव घेतल्याचे उघडकीस आले होते, हे लक्षात ठेवले की हे कथानक अधिक बोचते.

आता अडचणीकडे वळते. ‘काइजिन’ हा शब्द दोन चित्राक्षरांचा आहे. पहिल्याचा अर्थ विचित्र, अनाकलनीय, संशयास्पद. दुसऱ्याचा अर्थ माणूस. गॉडझिलासारख्या प्राण्यांना ‘काइजू’ म्हणतात, तेथे दुसरे अक्षर पशूचे असते. म्हणजे ज्याला माणूस मानायला समाज तयार नाही, त्याच्या नावातच ‘माणूस’ लिहिलेला आहे. मालिकेचा सगळा वाद या एका अक्षरावर उभा आहे असे मला वाटते, आणि मराठीत ‘राक्षस’ म्हटले की नेमके तेच अक्षर गळून पडते. ‘दैत्य’ आणि ‘दानव’ यांचीही तीच गत आहे. शिवाय ते दितीचे आणि दनूचे वंशज, जन्माने तसे. काइजिन मात्र युद्धकाळात जपानी सैन्याने माणसांवर केलेल्या प्रयोगांतून घडवलेले आहेत. ‘अमानुष’ हा शब्द रूपाबद्दल नव्हे तर वागणुकीबद्दल बोलतो, म्हणून तोही बाद केला.

दुसरी अट अधिक कठीण आहे. मोर्चातला माणूस हा शब्द शिवीसारखा थुंकतो, आणि काइजिन स्वतः तोच शब्द ताठ मानेने उच्चारतात. जपानच्या इतिहासात याला पूर्वपीठिका आहे. तेथील बहिष्कृत समाजांसाठी पूर्वी ‘एता’ आणि ‘हिनिन’ हे शब्द होते. ‘हिनिन’ म्हणजे अक्षरशः ‘माणूस नसलेला’, आणि त्यातील ‘निन’ हे ‘काइजिन’मधील ‘जिन’चेच चित्राक्षर आहे. 1871 च्या फर्मानाने ही नावे कायद्यातून गेली, व्यवहारातून गेली नाहीत. पुढे 3 मार्च 1922 रोजी क्योतोमध्ये ‘सुइहेइशा’ ही या बहिष्कृतांचीच संघटना स्थापन झाली, तेव्हा तिच्या जाहीरनाम्याने ‘एता’ असण्याचा अभिमान बाळगण्याची वेळ आली आहे असे म्हटले, म्हणजे शिवीच उचलून नाव म्हणून लावली. ‘दलित’ हा शब्द छातीवर मिरवणाऱ्या पिढीच्या महाराष्ट्रात ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. पण तसा शब्द घडवायचा कसा, हे मला उमगत नाही.

तिसरी अडचण किरकोळ आहे, तरी सांगते. प्रत्येकाचे नाव ‘कोळी-काइजिन’, ‘वटवाघूळ-काइजिन’ अशा जोडशब्दाने येते. नायकाच्या नावातला ‘बात्ता’ म्हणजे नाकतोडाही आणि टोळही. ‘नाकतोडा-राक्षस’ असे लिहून पाहिले आणि बालनाट्याचा पडदा डोळ्यांपुढे आला.

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद

‘असुर’ का नको? महाराष्ट्रात बळीराजा हा असुर असूनही दिवाळीत ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ असे आपण म्हणतो. महात्मा फुल्यांनी त्याच बळीला शोषितांचा राजा म्हणून उभे केले. तिरस्कार आणि अभिमान, दोन्ही एका शब्दात आयते मिळतात.

धागाकर्ती

आपली सूचना वाचून क्षणभर वाटले की काम झाले. मात्र प्रयोगादाखल तीन संवाद लिहून पाहिले, तेव्हा वाचणाऱ्याच्या मनात बळी आणि वामन उभे राहू लागले आणि जपानमधील कावासाकी शहराच्या रस्त्यांवर कोरियन वंशाच्या रहिवाशांविरुद्ध निघालेले मोर्चे, ज्यांची सावली मालिकेवर स्पष्ट आहे, ते मागे पडले. शब्द इतका आपला आहे की जपान त्यात उरत नाही.

प्रतिसाद

यतीला आपण ‘हिममानव’ म्हणतो. त्याच धर्तीवर ‘टोळमानव’, ‘कोळीमानव’, ‘चिमणीमानव’ असे करता येईल. माणूस शब्दातच राहतो आणि नाकतोड्याचे संकटही टळते. सामान्यनाम म्हणून मात्र ‘काइजिन’च ठेवावे. ‘त्सुनामी’ आपण पचवलाच की.

धागाकर्ती

मनःपूर्वक आभार. ‘टोळमानव’ तत्काळ स्वीकारला. ‘चिमणीमानव’ लिहिताना हात जड झाला, कारण मालिकेतल्या चिमणी-काइजिन मुलाला जमाव ठार मारतो, आणि या नावामुळे तो प्रसंग मराठीत अधिकच सोसवेनासा होतो. तो तसाच असावा.

‘काइजिन’ तसाच ठेवण्याबाबत माझी हरकत एवढीच की मराठी वाचकाला त्यातला ‘माणूस’ ऐकू येणार नाही. त्यावर एक उपाय सुचला आहे. आओइ ही हक्कांसाठी बोलणारी शाळकरी मुलगी आरंभी माणूस असते आणि पुढे तिला बळजबरीने काइजिन केले जाते. तिच्या पहिल्या भाषणाच्या आधी निवेदनात एक वाक्य घालून दोन अक्षरांची फोड सांगावी, म्हणजे पुढे ‘ते’चे ‘आम्ही’ होते तेव्हा वाचकाकडे किल्ली असेल.

त्याच भाषणात जीव पृथ्वीहूनही जड असल्याचे ती म्हणते. हे शब्द जपानी कानाला ओळखीचे आहेत. 1948 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटले होते, आणि त्याच निकालात फाशी घटनात्मक ठरवली होती. 1977 मध्ये मुंबईहून उडालेले जपानी विमान ढाक्याला पळवून नेले गेले, तेव्हा अपहरणकर्त्यांच्या मागण्या मान्य करताना पंतप्रधान फुकुदा यांनीही त्याच वाक्याचा आधार घेतला. येथे मी ‘प्राण’ न घेता ‘जीव’ घेतला आहे, कारण ‘जीव’ मुंगीलाही असतो. कुणाचा आक्षेप असल्यास कळवावे.

एक गाठ अजून सुटलेली नाही. मोर्चातील जमावाला घोषणा द्यायची आहे. ‘काइजिन चालते व्हा’ हे मोठ्याने म्हणून पाहिले. घशातून द्वेष बाहेर पडत नाही, शब्द परका असल्यामुळे जीभ सावधपणे चालते. तेथे तरी मराठी शब्द लागेल, आणि तो शिवी असूनही पुढे काइजिनांना स्वतःच्या तोंडी घेता आला पाहिजे. आमचे वाचन येत्या शनिवारी आहे. तोवर कुणाला सुचल्यास कृपया येथेच लिहावे.