आधी टायरची हवा बघा, मग किट
जुन्या एटीव्हीचं, म्हणजे खडबडीत वाटेवरच्या चारचाकी बाइकचं, हँडल जड जातंय, काय करू, या प्रश्नावर कुणीतरी स्टीअरिंग डॅम्पर (हँडलचे धक्के शोषणारा भाग) सुचवलाय, पण तो दगडावर आपटल्यावर हाताला बसणारा झटका कमी करतो. हँडल हलकं करत नाही. त्यासाठी इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंगचं किटच हवं. हँडलच्या दांड्यावर मोटर बसते, तुम्ही किती जोर लावताय ते सेन्सर ओळखतो आणि मोटर तशी मदत करते. यामाहाच्या ग्रिझली ७०० मध्ये २००७ साली ही सोय कंपनीतूनच आली होती. मात्र मोटर वीज खाते. विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारं दोराचं यंत्र), जादा दिवे आधीच असतील तर बॅटरी रडणार. आणि हो, चाकं बाहेरच्या बाजूला सरकवणारे स्पेसर लावलेत का? मग अर्धा जडपणा तिथलाच. सगळ्यात आधी पुढच्या टायरची हवा मोजा, तीही कमी दाबाच्या गेजने. ५-६ पीएसआयच्या टायरमध्ये एका पीएसआयचा फरकही हाताला कळतो.