पंधरा मिनिटांची चाल नेमकी कोणाची धरावी?

प्रश्न
नगररचनेच्या अभ्यासासाठी मी पुण्यातील नारायण पेठ आणि सदाशिव पेठ यांची सुगम्यता मोजत आहे. ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवकांनी भरलेल्या खुल्या नकाशावरील रस्त्यांचे जाळे घेऊन प्रत्येक इमारतीपासून पंधरा मिनिटांच्या चालीत दवाखाना, औषधांचे दुकान, भाजी, शाळा आणि बसथांबा येतो का, हे तपासले, तर जवळजवळ सगळा नकाशा हिरवा दिसतो. तिथल्या ज्येष्ठ नागरिकांचे म्हणणे मात्र अगदी उलट आहे. पद्धतीत काय चुकते आहे?

उत्तर १
आपण चालीचा वेग किती धरला आहे? सेकंदाला १.२ मीटर धरल्यास पंधरा मिनिटांत १,०८० मीटर होतात. गुडघेदुखी असलेल्या व्यक्तीसाठी ०.८ मीटर धरल्यास ७२०. अंतर एकतृतीयांशाने घटले, तरी आवाक्यातले क्षेत्रफळ निम्म्याहूनही कमी उरते, कारण ते अंतराच्या वर्गाप्रमाणे बदलते.

उत्तर २
वेग बदलून ज्येष्ठांचा प्रश्न काहीसा सुटेल, चाकाच्या खुर्चीचा नाही. तिच्यासाठी वाट एक तर आहे किंवा नाही. उतार नसलेली पदपथाची एकच कड किंवा पदपथावर लावलेल्या दुचाक्यांची रांग पुढची सगळी वाट तोडते. त्यामुळे असे तुकडे जाळ्यातून काढून टाकून पुन्हा गणित करावे. १:१२ पेक्षा तीव्र चढाचे रॅम्पही काढावेत. ओपनस्ट्रीटमॅपवर पदपथाची रुंदी आणि कडेची उंची बहुतेक ठिकाणी भरलेली नसते, आणि रिकामा रकाना म्हणजे अडथळा नाही, असे धरणे ही या प्रकारच्या अभ्यासांतली सर्वांत महागडी सोय आहे. फिरून पाहणी करावीच लागेल, तीही संध्याकाळी दुकाने भरात असताना.

प्रश्नकर्ती
आभारी आहे. मग या सगळ्यांची सरासरी काढून वस्तीला एक गुण द्यावा का?

उत्तर २
माझ्या मते देऊ नये. तरुणाला मिळालेले जादा गुण खुर्चीवरच्या रहिवाशाची तूट भरून काढत नाहीत, सरासरीत मात्र ती तूट दिसेनाशी होते. प्रत्येक गटाचा नकाशा वेगळा छापावा.

उत्तर ३
ऋतूही विचारात घ्यावा. खडकवासला धरणातून मोठा विसर्ग झाला की मुठेवरचा भिडे पूल पाण्याखाली जातो, आणि नारायण पेठेतून नदीपलीकडच्या डेक्कनला पायी जाणाऱ्यास दुसऱ्या पुलाचा वळसा पडतो. धडधाकट माणसाला तो वळसा जेमतेम जाणवेल, ०.८ मीटरच्या वेगाने चालणाऱ्याच्या पंधरा मिनिटांत मात्र डेक्कनचा बसथांबा कदाचित उरणारच नाही. निदान तो पूल वगळून एकदा गणित करून पाहावे.