मदत हवी आहे: ४१ व्या वर्षी इंजिनीअरिंग सोडून खाकी?

नमस्कार मंडळी, मी मेकॅनिकल इंजिनीअर, लोट्याच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, घर चिपळूणला. पोलिसात जायचं लहानपणापासून डोक्यात होतं पण घरच्यांनी डिग्रीला घातलं आणि मग राहूनच गेलं. आता खुल्या वर्गाला शिपाई भरतीची वयाची अट २८ आणि एमपीएससीतून पीएसआयची ३१, म्हणजे ते दोन्ही दरवाजे बंद, हे मला माहितीये, त्यामुळे "वय निघून गेलं" एवढंच सांगू नका प्लीज.

माझा विचार होमगार्डचा चाललाय. तिथे २० ते ५० वय चालतं, दहावी पास लागतं, पुरुषांना उंची १६२ सेंमी आणि १६०० मीटर धावणं. गणपतीत बहादूरशेख नाक्यावर धो धो पावसात शिट्टी तोंडात धरून चाकरमान्यांच्या गाड्या सोडणारा होमगार्ड बघितला की खरंच वाटतं आपण तिथे हवं होतं. पण ते मानसेवी, बंदोबस्त लागेल तेवढ्याच दिवसांचा भत्ता, त्यावर घर कसं चालणार, होमलोन आहे, मुलगी नववीत. म्हणून नोकरी ठेवूनच करावं म्हणतोय.

तर कोणी प्रायव्हेट नोकरी सांभाळून होमगार्ड करतंय का? शिमगा-गणपतीला कंपनी सुट्टी देते का, शिफ्टचं कसं जमवता? आणि किनाऱ्यावरच्या सागर रक्षक दलात गावाबाहेरच्याला घेतात का, की मच्छीमार बांधवच लागतात? रत्नागिरी-रायगडकडचे कोणी असाल तर सविस्तर सांगा. आणि चाळिशीनंतर धावायला सुरुवात केलेल्यांनी गुडघे कसे सांभाळले तेही लिहा.