साध्या इंग्रजी शब्दांचे चार-चार अर्थ, गोंधळ होतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

अवघड इंग्रजी शब्दांचं मला काही वाटत नाही, डिक्शनरी उघडली की काम झालं. छळतात ते साधे शब्द, जे आपल्याला येतातच असं आपण धरून चाललेलो असतो. आता 'चार्ज' घ्या, फोन चार्ज करतात, दुकानदार पैसे चार्ज करतो, पोलीस आरोपीला चार्ज करतात, बैल अंगावर चार्ज करून येतो आणि वर कोणीतरी इन चार्ज असतोच! 'फास्ट' म्हणजे वेगवान, मग 'फास्ट अस्लीप' म्हणजे गाढ झोपलेला कसा काय? आणि उपास पण फास्टच.

त्याहून वैताग म्हणजे उलटे अर्थ. लोन सँक्शन झालं म्हणजे मंजूर, पण एखाद्या देशावर सँक्शन्स लावले म्हणजे निर्बंध. 'ओव्हरसाइट' तर देखरेख पण आणि नजरचूक पण.

हे सगळे एकाच शब्दाचे अर्थ असतात का नुसते दिसायला सारखे वेगळे शब्द? याद्या पाठ करून बघितल्या, वाक्यात शब्द आला की नको तोच अर्थ आधी आठवतो. काही पद्धत आहे का?

प्रतिसाद १:
दोन्ही असतं. 'डेट' म्हणजे तारीख हा लॅटिनमधल्या 'दिलेलं' अशा अर्थाच्या शब्दावरून आला आणि खजूरवाला 'डेट' ग्रीकमधल्या बोटावरून, काही संबंध नाही. चांगल्या डिक्शनरीत अशांच्या नोंदी वेगळ्या असतात, शब्दाच्या डोक्यावर बारीक १, २ आकडे दिसतील. 'फास्ट'चा जुना अर्थ घट्ट, पक्का. म्हणून गाढ झोप, म्हणून न जाणारा रंग, वेग नंतर आला. उपासही त्याच मुळाचा, नेम घट्ट पाळायचा म्हणून, पण त्याची नोंद मात्र वेगळी सापडेल.

प्रतिसाद २:
याद्या सोडा हो. ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीत 'रन' या एका क्रियापदाचे ६०० च्या वर अर्थ दिलेत, करा पाठ! शेजारचा शब्द बघायची सवय लावा. 'चार्ज'पुढे 'विथ' आला तर बहुतेक आरोप, 'फॉर' आला तर पैसे, 'अ‍ॅट' आला तर बाजूला व्हा. सँक्शन्स अनेकवचनात आणि पुढे 'ऑन' असेल तर निर्बंधच समजा. कधीकधी देशही बघावा लागतो, मीटिंगमध्ये विषय 'टेबल' केला म्हणजे ब्रिटनमध्ये चर्चेला घेतला, अमेरिकेत लांबणीवर टाकला.

धागाकर्ता:
भारी, शेजारचा शब्द बघायचं डोक्यातच आलं नव्हतं. पण ओव्हरसाइटचं काय, त्याला कोण शेजारी?

प्रतिसाद २:
आधी 'अ‍ॅन' असेल तर नजरचूक, कारण चुका मोजता येतात, देखरेख मोजत नाहीत. फक्त 'अ‍ॅन ओव्हरसाइट कमिटी' दिसलं तर फसू नका, तिथला 'अ‍ॅन' कमिटीचा आहे.