मदत हवी आहे: दर आठवड्याला शिफ्ट बदलते, चालण्याची सवय टिकवायची कशी?

नमस्कार मंडळी,

मी चाकणच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. वय चाळिशीच्या पुढे. यंदाच्या तपासणीत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) ६.१ टक्के आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. गोळी अजून नाही, पण आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालायला डॉक्टरांनी सांगितलंय. वडिलांना मधुमेह होता आणि त्यांच्या पायाची जखम शेवटपर्यंत भरली नाही. ते जवळून पाहिल्यामुळे मला ही गोष्ट मनापासून निभवायची आहे.

अडचण अशी की जो तो सांगतो, 'रोज ठरलेल्या वेळी चाला.' माझी ठरलेली वेळच नाही. फर्स्टला पहाटे साडेपाचला बस, सेकंडला घरी यायला मध्यरात्र उलटते, थर्डला सकाळी आठला येऊन झोपायचं. फर्स्टच्या आठवड्यात संध्याकाळी बायकोबरोबर छान चालणं होतं. सेकंडलाही सकाळी जमतं. रात्रपाळीत मात्र सगळं विस्कटतं. झोपेची घडी बसते न बसते तोच शिफ्ट बदलते, त्यामुळे पुढचे दोन-तीन दिवसही जातात.

थोडं वाचन केलं. २१ दिवसांत सवय लागते, हे काही खरं नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर झालेल्या अभ्यासात सरासरी ६६ दिवस निघाले, आणि माणसागणिक हा आकडा १८ पासून २५४ पर्यंत होता. मधला एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. मला त्यातलं सर्वांत कामाचं वाटलं ते वेगळंच: त्या लोकांनी सवय 'न्याहारीनंतर' अशा रोजच्या एखाद्या प्रसंगाला जोडली होती. घड्याळाला बांधून घ्यायची गरज नव्हती.

मग माझ्या तिन्ही शिफ्टमध्ये न चुकणारा प्रसंग कोणता? जेवण. जेवणानंतर शतपावली आपल्याकडे आहेच, आणि तेवढ्या चालण्यानंही जेवणानंतरची साखर कमी चढते. चालणं सलग दहा मिनिटं झालं तरच धरायचं, ही अट जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये काढून टाकली. म्हणून कँटीनमधून निघालं की गेटपर्यंत जाऊन यायचं, पाय उचलून, असा विचार आहे. पण रात्री दोनच्या जेवणानंतर डोळे मिटायला लागतात, आणि सुट्टी अर्ध्या तासाची.

इथे नर्स, रेल्वेवाले, पोलीस, माझ्यासारखे कारखान्यातले कुणी असतील तर सांगा: तुम्ही व्यायाम कशाला जोडलात? उठल्यावरच्या चहाला जोडणं जास्त टिकतं का? रात्रपाळीतून उठेपर्यंत दुपारचे तीन वाजतात, एप्रिलमध्ये त्या उन्हात बाहेर पडवत नाही. तेव्हा घरातल्या घरात काय करता? आणि शिफ्ट बदलते ते दोन दिवस अगदी थोडंसंच करायचं, की झोप पूर्ण करून सरळ तिसऱ्या दिवशी सुरुवात करायची?

जनरल शिफ्ट मागून पाहिली आहे, वर्षभर तरी मिळणार नाही. त्यामुळे आहे त्यातच बसणारं सुचवा.