मदत हवी आहे: सिव्हिलची दोन वर्षं इथे, दोन ऑस्ट्रेलियात, मध्येच अडलं तर?

भाची ऐरोलीची, बारावी सायन्स झाली. सिव्हिल इंजिनिअरिंगच करायचं हे पक्कं. नवी मुंबईतल्या एका संस्थेत पहिली दोन वर्षं इथे, पुढची दोन ऑस्ट्रेलियात आणि पदवी तिकडच्या विद्यापीठाची, असा कोर्स आहे. सीईटी दिली आहे, कॅप राउंडचा (राज्याच्या केंद्रीय प्रवेशफेरीचा) पर्याय अजून हातात आहे. खर्चाचा हिशेब झालाय, त्यावर सल्ला नको.

पदवी इंजिनिअर्स ऑस्ट्रेलियाच्या (तिथल्या अभियंत्यांच्या संस्थेच्या) मान्यताप्राप्त यादीत आहे, हे तपासलं. भारतही 2014 पासून वॉशिंग्टन अकॉर्डचा, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या देशांच्या कराराचा, पूर्ण सदस्य आहे, त्यामुळे पदवीनंतरची काळजी कमी. काळजी मधल्या टप्प्याची. समुपदेशक 'व्हिसा मिळतोच हो' म्हणतात आणि लेखी मागितलं की विषय बदलतात. विद्यापीठाला ईमेल केला, तर गुणांची अट आणि क्रेडिटचा तक्ता आला. व्हिसा नाकारला तर काय, यावर अवाक्षर नाही.

इथल्या दोन वर्षांना एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची) मान्यता नाही, हे संस्थाच सांगते. मग तिसऱ्या वर्षाला जाता आलं नाही, तर मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजात डिप्लोमावाल्यांसारखा थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात? असं प्रत्यक्ष कोणाचं झालंय का?