बॅटरी सारखी उतरते – डायनमो बदलू की थांबू? (पेडणे-म्हापसा)

हरमलची ताई
नमस्कार मंडळी. गाडी दहा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, हाताचे गिअर, साधी किल्ली. घर हरमलला, समुद्र चालत पाच मिनिटांवर. नोकरी म्हापशाला, त्यामुळे रोज शिवोली-चोपडे पुलावरून ये-जा.

मे महिन्यापासून शनिवार-रविवार गाडी उभी राहिली की सोमवारी सेल्फ कण्हायला लागतो. ३५ अँपिअर-अवरची नवी बॅटरी टाकली, दोन महिन्यांत पुन्हा तेच. हॉर्न घसा बसल्यासारखा वाजतो. डावा इंडिकेटर लावला की त्याच बाजूचा पार्किंगचा दिवाही मंद लुकलुकतो. पावसात हे सगळं वाढतं. जवळच्या एका गॅरेजमध्ये दाखवली. त्याने इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावला, १३.४ आलं. म्हणाला, चार्जिंग कमी आहे, डायनमो गेला. खर्च बॅटरीच्या तिप्पट सांगतोय, आणि चवथ तोंडावर आलीय.

डायनमो बदलू का? स्वतः तपासायचं तर मीटर कसला घेऊ? आणि आपल्या भागात बरा ऑटो इलेक्ट्रिशियन ओळखायचा कसा?

ता. क. संबंध नसेल, पण क्लचही फार जड झालाय. वर्षभरात दोनदा केबल बदलली.

वास्कोचा बिनधास्त
सोपं आहे. इंजिन चालू ठेव आणि बॅटरीची एक वायर काढ. गाडी बंद पडली तर डायनमो गेला, चालू राहिली तर बरा. वीस वर्षं आम्ही असंच बघतोय.

फोंड्याचा वायरमन
ताई, वरचं अजिबात करू नका. कंट्रोलर नसलेल्या जुन्या गाडीत खपून जायचं. चालू इंजिनात बॅटरी सुटली की अल्टरनेटरचा (तुम्ही डायनमो म्हणता तोच) करंट घ्यायला कोणी उरत नाही आणि व्होल्टेज क्षणभर तीस-चाळीसच्या वर उडी मारतं. तेवढ्यात इंजिनाचा कंट्रोलर नाहीतर स्टिरिओ गेला, तर डायनमोचे पैसे स्वस्त वाटतील.

आता तुमच्या गाडीचं. तुम्ही ता. क.मध्ये टाकलेली ओळ मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. क्लच केबल दोनदा का गेली, हे त्या गॅरेजवाल्याने विचारलं का? सेल्फ इंजिन-गिअरबॉक्सला बसवलेला असतो. तो शंभर-सव्वाशे अँपिअर ओढतो, आणि तो करंट बॅटरीच्या निगेटिव्हला परत यायला गिअरबॉक्सवरून एक जाड अर्थची (अर्थिंगची) वायर असते. ती कुजली की करंट दुसरी वाट शोधतो. इंजिनाला बॉडीशी जोडणारं दुसरं धातूचं काय उरतं? क्लचची केबल, अ‍ॅक्सिलरेटरची केबल. ती बारीक पोलादी तार त्यासाठी बनवलेलीच नसते. ती तापते, आतलं प्लॅस्टिकचं अस्तर वितळतं आणि पेडल जड होतं. उद्या सकाळी चार-पाच वेळा सेल्फ मारून क्लच केबलच्या टोकाला हात लावून बघा. जपून, चटका बसू शकतो.

मीटरशिवाय करायची परीक्षा: जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनाच्या रंग नसलेल्या कुठल्यातरी धातूला घट्ट चिमटवा. पंखा आणि पट्ट्यापासून केबल लांब ठेवा, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. मग सेल्फ मारा. कण्हणारा सेल्फ एकदम उठला तर दोष अर्थमध्ये आहे.

साखळीचा ड्रायव्हर
उंदीर बघितले का? पावसात आमच्याकडे बॉनेटखाली पोरं घालतात. गेल्या वर्षी फ्यूजबॉक्सच्या मागची वायर कुरतडली होती.

हरमलची ताई
उंदीर नाहीत, गाडीखाली दोन मांजरं कायम असतात :) जंपर शेजाऱ्यांकडे आहे, उद्या करते. पण मीटर?

ताळगावची_मीटरवाली
मीटरचं मी सांगते. मी यात पैसे घालवलेत.

साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो, हजार रुपयांच्या आतबाहेर. त्यात दोन गोष्टी बघा: २०० मिलिव्होल्टची डीसी रेंज, आणि फ्यूज असलेलं १० अँपिअरचं सॉकेट. क्लॅम्प मीटर (वायरीभोवती नुसता चिमटा लावून मोजणारा) घ्यायचा मोह झाला तर डब्यावर डीसी अँपिअर लिहिलंय याची खात्री करा. स्वस्तातले बहुतेक क्लॅम्प फक्त एसी, म्हणजे घरातल्या विजेचा करंट मोजतात, गाडीतला डीसी नाही. मी तसलाच घेतला होता. गाडीवर लावला की शून्य दाखवायचा आणि मी खूश, काहीच गळत नाहीये म्हणून!

मीटरइतकाच उपयोगी म्हणजे टेस्ट लॅम्प. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, होल्डर, दोन वायरी, दोन चिमटे. मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट घेत नाही, म्हणून वायरीची एकच तार शाबूत असली तरी तो १२.६ दाखवतो. बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो, तिथे कुजकी वायर लगेच उघडी पडते. फक्त एअरबॅगच्या पिवळ्या कपलरच्या जवळपास हा बल्ब नेऊ नका.

आणि पाना हातात घेण्याआधी बांगड्या, अंगठी, घड्याळ काढून ठेवा. पॉझिटिव्ह आणि बॉडीच्या मध्ये सोन्याची अंगठी आली तर ती बोटातच लाल होते.

फोंड्याचा वायरमन
बरोबर. ताई, मीटर आला की एवढे आकडे लिहून टाका. सकाळी काहीही चालू न करता बॅटरीवर किती. सेल्फ फिरताना बॅटरीवर किती. मग एक सुई बॅटरीच्या निगेटिव्हच्या खांबावर (वरच्या लगवर, म्हणजे वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीवर नाही, शिशाच्या खांबावर), दुसरी इंजिनाच्या धातूवर, आणि दुसऱ्या कोणालातरी सेल्फ मारायला सांगा. हा शेवटचा आकडा मला हवाय. ०.२ व्होल्टपर्यंत असला तर अर्थ चांगला. मग गाडी चालू, हेडलाइट लावून, बॅटरीवर आणि थेट अल्टरनेटरच्या जाड बोल्टपासून त्याच्याच अंगापर्यंत, दोन्हीकडे मोजा.

संदर्भासाठी: रात्रभर निवलेल्या बॅटरीवर १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली बरीचशी रिकामी. सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली गेली तर बॅटरीवरच संशय.

हरमलची ताई
आकडे घ्या. रविवार सकाळ: १२.१. सेल्फ फिरताना बॅटरीवर १०.५. निगेटिव्ह खांब ते इंजिन, सेल्फ फिरताना: १.३!! गाडी चालू, हेडलाइट लावून: बॅटरीवर १३.५, अल्टरनेटरवर १४.१.

जंपर लावल्यावर सेल्फ पहिल्याच हातात उठला. केबलचं टोक चांगलंच गरम होतं. मी इतके दिवस क्लचच्या नावाने बोटं मोडत होते.

फोंड्याचा वायरमन
पात्रांव, हा तर तुमचा डायनमो निर्दोष सुटला! १४.१ तो व्यवस्थित देतोय. मधले ०.६ व्होल्ट वाटेत हरवतात, बहुतेक अर्थच्या वाटेत. त्याचा रेग्युलेटर स्वतःजवळचं व्होल्टेज बघून समाधानी होतो, बॅटरीपर्यंत किती पोचलं ते त्याला कळत नाही. म्हणून बॅटरी कायम अर्धपोटी, आणि गॅरेजवाल्याला तिथे मीटर लावल्यावर चार्जिंग कमी दिसलं. मीटर खोटं बोलला नाही, गॅरेजवाल्याने सुया बॅटरीवरून हलवल्या नाहीत एवढंच.

निगेटिव्हपासून गिअरबॉक्सकडे जाणारी वायर काढा. वरून कव्हर काळं, धडधाकट दिसेल. दोन्ही टोकांना लगजवळ दाबून वाकवून बघा, कुरकुरली तर आत हिरवी पूड झालेली असणार. समुद्राकाठी मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं आणि तो तांब्याच्या बारीक तारांमधून कव्हरच्या आत वर चढत जातो. मोरजी-मांद्र्याच्या गाड्या मी बघतो, त्यांत हे नेहमीचंच. डिचोली-साखळीकडच्या गाड्यांत लाल धूळ मिळते, हिरवा गंज कमी.

नवी वायर २५ चौरस मिलिमीटरची घ्या, लग दाबयंत्राने दाबून घ्या, हातोड्याने ठोकून नको. वर आतून गोंद असलेली श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळणारी नळी). जिथे बसेल तिथला रंग आणि गंज पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत काढा, बोल्ट आवळा आणि त्यानंतर वरून पेट्रोलियम जेली. आधी जेली फासून मग आवळणारे बरेच असतात, ते उलटं आहे. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी.

मडगावचा शंकेखोर
सगळं पटलं, पण एक जमत नाही. अर्थ खराब असेल तर गाडी चालवून चार्ज कमी होईल. दोन दिवस *उभी* राहून बॅटरी उतरते, त्याचं काय? हरमल ते म्हापसा रोजचा प्रवास काही छोटा नाही.

फोंड्याचा वायरमन
ही शंका रास्त आहे. अर्धपोटी बॅटरीला थोडीही गळती सहन होत नाही, पण गळती असेल तर ती वेगळी शोधावीच लागेल. ताळगावकर, तुम्ही सांगा, मी एका गाडीखाली आहे.

ताळगावची_मीटरवाली
गाडी बंद, किल्ली काढून घरात. ड्रायव्हरचं दार उघडं ठेवा, पण दाराच्या कुलपाचा खटका स्क्रू-ड्रायव्हरने मिटवा, म्हणजे गाडीला दार बंद वाटेल. मग निगेटिव्ह वायर काढून तिच्या आणि खांबाच्या मध्ये मीटर, लाल सुई १० अँपिअरच्या सॉकेटात. या अवस्थेत किल्ली फिरवायची नाही, सेल्फ तर मुळीच नाही, मीटरचा फ्यूज जाईल. अर्धा-पाऊण तास थांबा, गाडीतल्या कंट्रोलरना झोपायला वेळ लागतो. मी पहिल्यांदा पाच मिनिटांत आकडा बघून घाबरले होते.

साधारण ५० मिलिअँपिअरपर्यंत ठीक. म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-अवर, तुमची बॅटरी त्यावर आठवडा-दोन आठवडे सहज काढेल. जास्त आला तर फ्यूज उपटत बसू नका. फ्यूज काढून परत लावला की झोपलेले कंट्रोलर पुन्हा जागे होतात आणि गोंधळ वाढतो. त्याऐवजी गळती दिसली की मीटर काढून निगेटिव्ह पुन्हा जोडा, गाडी परत झोपू द्या, आणि प्रत्येक फ्यूजच्या माथ्यावरच्या दोन उघड्या ठिपक्यांवर मिलिव्होल्ट मोजा. ०.० म्हणजे त्यातून काही जात नाही. आकडा दिसला तो तुमचा चोर.

पर्वरीचा नवाकोरा
मध्येच विचारतो, माफ करा. माझी दोन वर्षांची स्टार्ट-स्टॉपवाली (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करणारी) गाडी चालू असताना कधी १२.८ दाखवते, कधी १४.६. बिघाड समजू?

फोंड्याचा वायरमन
नाही. अशा गाडीत निगेटिव्ह टर्मिनलवर सेन्सर असतो. तो बघून कंट्रोलर चार्जिंग कमी-जास्त करतो, इंधन वाचवायला. जुन्या गाडीचे आकडे तिला लावू नका. बॅटरी बदलाल तेव्हा मात्र त्याच प्रकारची घ्या, साधी स्वस्तातली घालू नका.

हरमलची ताई
चोर सापडला. पाऊण तासानंतरही ०.३८ अँपिअर! दिवसाला नऊ अँपिअर-अवर, म्हणजे ३५ ची बॅटरी चार दिवसांत पूर्ण रिकामी, आणि ती तर आधीच अर्धी. मिलिव्होल्ट फक्त स्टिरिओच्या फ्यूजवर दिसले. गेल्या वर्षी मोठ्या पडद्याचा स्टिरिओ बसवून घेतला होता. भावाने पॅनेल काढलं तर बसवणाऱ्याने लाल आणि पिवळी वायर एकत्र पिळून टेप गुंडाळलेली.

ताळगावची_मीटरवाली
अगदी नेहमीचं. पिवळी कायम चालू, लाल किल्लीवर. दोन्ही एकत्र केल्या की स्टिरिओला किल्ली कधी काढली ते कळतच नाही. बटण दाबलं की पडदा काळा होतो, आत सगळं जागंच. लाल वायर किल्लीवर चालणाऱ्या लाइनवर फ्यूजसकट न्या.

वास्कोचा बिनधास्त
मान्य, माझी युक्ती जुनी झाली. पण इलेक्ट्रिशियन कसा निवडायचा ते कोणी सांगितलंच नाही.

फोंड्याचा वायरमन
धंद्यातला माणूस म्हणून नाव घेत नाही. त्याला लक्षणं सांगा आणि गप्प बसा. आधी बदलायच्या वस्तूचं नाव काढतो की मीटर-बल्ब काढतो ते बघा. सेल्फ मारताना दोन ठिकाणच्या मधलं व्होल्टेज मोजणारा भेटला तर त्याचा नंबर जपून ठेवा. काढलेला जुना भाग हातात द्यायला कुरकुर करणारा नको. आणि सांधा पिळून टेप लावणारा तर तुम्ही बघितलाच.

हरमलची ताई
आजचा हिशेब: म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला गेले तेव्हाच वायर आणि लग करून आणले. जुनी वायर लगजवळ मोडली, आत खरोखर हिरवी पूड. आता सेल्फ मारताना निगेटिव्ह ते इंजिन ०.१. बॅटरीवर १३.९, हेडलाइट लावूनसुद्धा. बंद गाडीचा करंट २० मिलिअँपिअर. बॅटरी रात्रभर चार्जरवर लावून भरून घेतली. हॉर्नचा घसा सुटला, शेजारच्या काकांनी तक्रार केली.

डावा इंडिकेटर मात्र अजून पार्किंगच्या दिव्याला सोबत घेऊनच लुकलुकतोय.

फोंड्याचा वायरमन
तो वेगळा, छोटा अर्थ. डाव्या हेडलाइटच्या मागे बॉडीला एक दहा नंबरचा बोल्ट असेल, त्याखाली दोन-तीन काळ्या वायरी. तो कुजला की इंडिकेटरचा करंट शेजारच्या दिव्यातून वाट काढतो. तोच पॉलिश पेपर. आणि क्लच केबल तिसऱ्यांदा बदला आता, ही टिकेल.